सल्ला सदर: गुडघा सत्ताविशीतला, पॅकेज दहा सिटिंगचं

पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी २७ वर्षांची आहे. काम दिवसभर खुर्चीत बसून. काही महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या नादाने धावायला लागले आणि ते इतकं आवडलं, की आठवड्यातले दोन दिवसांचे पाच दिवस कधी झाले कळलंच नाही. दीड महिन्यापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, कधी वाटीच्या मागे दुखल्यासारखं वाटतं. नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही. जिना उतरताना, उकिडवं बसताना आणि बराच वेळ बसून उठताना जास्त. सूज नाही, गुडघा अडकत नाही, कधी पडले नाही, मुरगळला नाही. हट्टाने एमआरआय करून घेतला. त्यात ‘वाटीमागच्या कूर्चेत ग्रेड २ बदल’ असं आलंय. ते वाचल्यापासून गुडघा जास्तच दुखतोय की काय असं वाटतं. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले होते. दोन आठवडे केले, फरक नाही म्हणून सोडले. आता एका ठिकाणी लेझर अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं आहे. दहा सिटिंग, सुई टोचायची नाही, काही दुखत नाही आणि ‘झीज भरून येते’ म्हणाले. मला सुयांची भयंकर भीती, त्यामुळे मोह होतोय. माझी मावशी ६२ वर्षांची आहे, तिला लेझरने खूप आराम पडला. तीन महिन्यांनी दहा किलोमीटरची स्पर्धा आहे. लेझर घेऊ का? आणि धावणं बंद करू का?

– गुडघा धरून बसलेली

उत्तर

पत्र छान लिहिलं आहे. निदानाला लागणारं जवळजवळ सगळं त्यात आहे, त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. दहा सिटिंगचं पॅकेज आत्ता घेऊ नका. धावणं पूर्ण बंद करू नका. सोडलेले व्यायाम पुन्हा सुरू करा. लेझरने तुमच्या गुडघ्याला अपाय होईल म्हणून मी नको म्हणत नाही, त्याची शक्यता फार कमी. पण ‘झीज भरून येते’ असं जिथे सांगितलं, तिथली बाकीची वाक्यंही जरा पारखूनच घ्या.

वाटीभोवतीची, बोटाने न दाखवता येणारी वेदना. जिना, उकिडवं बसणं आणि गुडघा दुमडून लांबलेली बैठक, या तिन्हींत ती वाढते. सूज नाही, अडकणं नाही, इजा नाही. वय विशीतलं आणि धावणं भराभर वाढवलेलं. याला वैद्यकात पॅटेलोफिमोरल वेदना म्हणतात, म्हणजे गुडघ्याची वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्याची कुरकुर. तरुण वयात, त्यातही धावणाऱ्यांमध्ये, हे दुखणं अगदी नेहमीचं आहे. तपासल्याशिवाय शिक्का मारणं बरोबर नाही, पण तुमच्या फिजिओथेरपिस्टनेही बहुधा हेच नाव घेतलं असेल.

आता त्या एमआरआयचं बघू. ‘ग्रेड २’ हे शब्द वाचून माणसाला आपला गुडघा साठीचा झाला असं वाटतं. २०१९ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचा गुडघा अजिबात दुखत नाही अशांचे एमआरआय त्यात एकत्र केले होते. चाळिशीच्या आतल्या, काहीही तक्रार नसलेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांत कूर्चेत, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तरात, दोष दिसले. चाळिशीपुढे ते प्रमाण ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे हा बदल दुखऱ्या गुडघ्यात दिसतो तसा न दुखणाऱ्यातही दिसतो. तुमच्या वेदनेचं मूळ तोच आहे असं त्या कागदावरून म्हणता येत नाही. शिवाय जिची ‘झीज’ झाली समजून तुम्ही घाबरलात, ती कूर्चा प्रकाशाने पुन्हा वाढते असं माणसांवरच्या कुठल्याही चांगल्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. एमआरआय काढला त्याबद्दल बोलणी खाणार नाही, पण आता तो कपाटात ठेवून द्या. पुढचे तीन महिने तो उघडायची गरज नाही.

लेझर अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये ज्या बिंदूंवर सुई टोचतात, त्याच बिंदूंवर कमी ताकदीच्या लेझरचं टोक काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटं टेकवतात. गुडघ्यासाठी सहसा वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना असलेल्या खळग्या, त्याखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या अंगाला असणारा बिंदू आणि मांडीवर वाटीच्या वर आतल्या बाजूचा बिंदू घेतात. हा लेझर कापत नाही, भाजत नाही, बहुतेकदा गरमही लागत नाही. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियातलं एक प्रथिन हा तांबडा किंवा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषून घेतं, त्यातून पेशींची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह कमी होतो, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना अगदीच हवेतली नाही. बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात उंदरांवर रुबी लेझर टाकून बघितला. त्याने कर्करोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. कर्करोग झाला नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. या क्षेत्राची सुरुवात तिथून झाली. मात्र ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं कुणी लेझरबद्दल सांगू लागलं, तर थिओडोर मायमन यांनी जगातला पहिला लेझर १९६० मध्ये चालवून दाखवला, एवढं लक्षात असू द्या. बिंदू जुने आहेत, दिवा नवा आहे.

मग गुण येतो का? इथे थोडं थांबू, कारण या उपचाराची एक गंमत आहे. लेझरची तपासणी करणं सुईपेक्षा कितीतरी सोपं. सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळतंच. लेझरमध्ये तसं काही जाणवत नाही. त्यामुळे यंत्र आतून बंद ठेवलं, नुसता दिवा लागला आणि आवाज आला, तरी रुग्णाला फरक कळत नाही आणि उपचार करणाऱ्यालाही नाही. अशी प्रामाणिक तुलना ऑस्ट्रेलियात झाली. २०१४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. गुडघा दीर्घकाळ दुखणाऱ्या २८२ जणांचे चार गट होते: खरी सुई, खरा लेझर, बनावट लेझर आणि काहीच नाही. बारा आठवड्यांनी सुई आणि लेझरवाल्यांचं दुखणं ‘काहीच नाही’ गटापेक्षा थोडं कमी होतं. पण बनावट लेझरवाल्यांशी तुलना केल्यावर खऱ्या लेझरची सरशी दिसली नाही, सुईचीही नाही. वर्षभराने तर तो थोडा फरकही उरला नव्हता.

लेझरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा यावर एक आक्षेप आहे आणि तो मला वाजवी वाटतो. त्या चाचणीत प्रत्येक बिंदूवर फक्त ०.२ ज्यूल ऊर्जा दिली होती. लेझर उपचारांच्या जागतिक संघटनेची शिफारस याहून बरीच जास्त आहे: अवरक्त लेझरसाठी, तरंगलांबीनुसार, प्रत्येक जागी साधारण १ ते ८ ज्यूल. २०१९ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये २२ चाचण्यांचा, हजारावर रुग्णांचा आढावा आला. शिफारशीएवढी मात्रा दिलेल्या ठिकाणी वेदना बनावट लेझरपेक्षा जास्त कमी झाल्याचं त्यात दिसलं. म्हणून लेझर म्हणजे निव्वळ थोतांड असं मी म्हणणार नाही. पण हा आढावा गुडघ्याच्या संधिवाताचा होता, म्हणजे उतारवयातल्या झिजेचा, आणि त्यात लेझर मुख्यतः सांध्यावर दिलेला होता. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतले सगळेजण पन्नाशीचे किंवा त्यापुढचे होते. सत्ताविशीतली धावणारी मुलगी या दोन्हींत कुठेच नाही.

मावशींचं उत्तरही यातच आलं. त्यांना आराम पडला याचा मला आनंद आहे आणि तो खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांचा गुडघा ६२ वर्षांचा आहे, दुखण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. आणखी एक गोष्ट. दुखणं कधी जास्त कधी कमी असतं आणि माणूस उपचाराला जातो ते दुखणं टोकाला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरणार असतंच, त्या वेळी चालू असलेला उपचार श्रेय घेऊन जातो. त्यात कुणीतरी आपुलकीने अर्धा तास विचारपूस करतं, पडून राहायला सांगतं, आशा देतं. या सगळ्याचा शरीरावर खरोखर परिणाम होतो. हे लेझरला लागू आहे, तसं माझ्या औषधांनाही लागू आहे.

तुमच्यासारख्या गुडघ्याबद्दल तज्ज्ञ काय म्हणतात? अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये खास पॅटेलोफिमोरल वेदनेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लेझर, अल्ट्रासाउंड, विजेचे शेक वगैरे यंत्रांचे उपचार वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे. सुईच्या अ‍ॅक्युपंक्चरला त्यांनी दार किलकिलं ठेवलं आहे: वेदना कमी करायला वापरता येईल, पण बनावट उपचारापेक्षा ते सरस आहे की नाही हे ठरलेलं नाही, म्हणून जपून. आणि पहिल्या क्रमांकावर कोण? कुल्ल्याचे आणि गुडघ्याचे व्यायाम. तेच, जे तुम्ही दोन आठवड्यांत सोडले.

दोन आठवड्यांत स्नायूची ताकद वाढत नाही हो. फरक जाणवायला सहा आठवडे लागतात, कधी बारा. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं आणि कुणी सांगितलं नसेल तर तो दोष तुमचा नाही.

पण व्यायामाच्याही आधी येतो तो भार. वाटीमागच्या सांध्यावर जिना चढता-उतरताना शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, धावताना सुमारे पाचपट. हा भार वाईट नाही, सांधा त्यासाठीच बनलेला आहे. मात्र त्याची सवय हळूहळू लागते. पगार तोच ठेवून खर्च अडीचपट केला तर महिनाअखेर जे होतं, ते तुमच्या गुडघ्याचं झालं आहे. दोन दिवसांचे पाच दिवस तुम्ही केलेत, गुडघ्याला विचारलं नाहीत. कॅनडातल्या एका चाचणीत याच दुखण्याच्या ६९ धावपटूंचे तीन गट केले. एका गटाला फक्त भार कसा सांभाळायचा हे शिकवलं, दुसऱ्याला त्याबरोबर व्यायाम दिले, तिसऱ्याला त्याबरोबर धावण्याची ढब सुधारून दिली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले होते, जवळपास सारखेच. या निकालाने मलाही जरा नमवलं, कारण आम्ही मंडळी व्यायामांच्या याद्या देण्यात फार रमतो.

म्हणून आजपासून असं करा. आठवड्यातून तीन दिवस धावा, मध्ये एक दिवस मोकळा सोडून. अंतर कमी करा, इतकं की धावताना वेदना दहापैकी दोनच्या वर जाणार नाही आणि धावून आल्यावर तासाभरात पूर्वीइतकी खाली येईल. दोनच्या वर गेली किंवा तासाभरात उतरली नाही, तर अंतर पुरेसं कमी झालेलं नाही. सुरुवातीला धावणं आणि चालणं आलटून पालटून केलं तर हे सहज जमतं. उतार आणि वेगाचे सराव महिनाभर बाजूला. पावलं जरा आखूड आणि भरभर टाका, मिनिटाची पावलं नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के वाढली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. दोन आठवडे वेदना मर्यादेत राहिली की एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी अंतर, मग दिवस, सगळ्यात शेवटी वेग. दिवसभर खुर्चीत असता तेव्हा अर्ध्या तासाने पाय सरळ करा, उठून एक फेरी मारा. गुडघा दुमडून तासन्‌तास बसणं हा या सांध्याला वेगळा ताप आहे.

व्यायामांची सुरुवात कुल्ल्यापासून करा, कारण त्यात दुखऱ्या गुडघ्याला फारसा त्रास होत नाही. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलणं. रबरी पट्टा गुडघ्यांच्या वर बांधून आडवं चालणं. आठवडाभराने भिंतीला पाठ टेकून अर्धवट खाली बसणं, दुखणार नाही एवढंच खाली. नंतर बुटक्या पायरीवर चढ-उतार, आरशासमोर, गुडघा आत झुकत नाही ना हे बघत. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. कंटाळवाणं आहे, कबूल. पूर्वीच्या फिजिओथेरपिस्टकडे परत जायला लाजू नका, व्यायाम सोडून गेलेले आणि परत आलेले रुग्ण त्यांना नवे नसतात. वाटीला टेप लावून घेतला तर पहिले काही आठवडे जिना सुसह्य होतो. बुटात घालायच्या तयार सोलचाही काहींना सुरुवातीला उपयोग होतो. या दोन्ही गोष्टी कुबड्यांसारख्या वापरायच्या आणि सोडून द्यायच्या.

आणि दुर्लक्ष तर अजिबात करू नका. ‘तरुण आहेस, आपोआप जाईल’ असं सांगणारे भेटतील. या दुखण्याच्या रुग्णांचा पाच ते आठ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची तक्रार समाधानकारक सुटलेली नव्हती. दहा सिटिंग ‘बघू काय होतंय’ म्हणत घालवण्यावर माझा खरा आक्षेप इथे आहे. त्या काळात भार तसाच राहतो, मांडी तशीच कमजोर राहते आणि दुखणं मात्र मुरत जातं.

एवढं सगळं ऐकूनही लेझर करून बघावासा वाटला तर? करा, मी रागावणार नाही. सुई नसल्याने रक्त येणं, जंतुसंसर्ग होणं हे प्रश्न नाहीत आणि तुमच्यासारख्या सुईला घाबरणाऱ्यांसाठी ती खरीच सोय आहे. फक्त व्यायामाच्या जोडीला घ्या, व्यायामाच्या बदल्यात नको. पॅकेज न घेता एकेक सिटिंग घ्या आणि चारानंतर थांबून बघा: तोच जिना उतरताना दहापैकी किती दुखतं? पहिल्या दिवशीचा आकडा आधीच लिहून ठेवा, नाहीतर मन आपल्या सोयीचं आठवतं. यंत्राची तरंगलांबी किती, ताकद किती मिलिवॅट आणि प्रत्येक बिंदूला किती ज्यूल देणार, हे विचारा. यंत्र वापरणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं, उत्तर टाळलं तर चपला घाला. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यातल्या पडद्याला इजा करू शकतो, म्हणून त्या तरंगलांबीचा चष्मा तुम्हाला आणि त्यांना, दोघांनाही हवा. ५०० मिलिवॅटच्या वरची यंत्रं त्वचा तापवतात, सावळ्या त्वचेवर आणि गोंदणावर जास्त, तेव्हा चटका लागला तर लगेच सांगा. मुरुमांसाठी किंवा इतर कशासाठी उन्हाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असतील, तर आधी सांगा.

काही गोष्टी मात्र झाल्या तर लेझर, व्यायाम, हे पत्र, सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पाय मुरगळून ‘कट्’ आवाज आला आणि एक-दोन तासांत गुडघा फुगला. गुडघा मध्येच अडकला आणि सरळच होईना. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, हे तर त्याच दिवशी. रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीतही न थांबणारी वेदना किंवा हाडाजवळ गाठ लागणं. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडणं, त्यात इतर सांधेही दुखणं. शेवटच्या दोन गोष्टी मी मुद्दाम लिहिते, कारण हाडाचा कर्करोग आणि दाहाचा संधिवात दोन्ही तरुण वयात गाठू शकतात, आणि गुडघ्यावर काहीतरी लावत, शेकत बसल्याने नेमका त्यांच्याच निदानाला उशीर होतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी बाबतीत असेल.

राहिली स्पर्धा. तीन महिने म्हणजे साधारण बारा आठवडे. आठव्या आठवड्याला सलग सहा किलोमीटर, दोनच्या आत राहणाऱ्या वेदनेने जमत असेल तर स्पर्धेतलं नाव कायम ठेवा आणि वेळेचा विचार न करता पळा. जमत नसेल तर पाच किलोमीटरच्या गटात नाव बदलून मिळतं का ते आयोजकांना आत्ताच विचारून ठेवा. शेवटच्या आठवड्यात असे बदल सहसा करून देत नाहीत.